पाच तारे, पण खांद्यावर एकही नाही : फील्ड मार्शलचा बिल्ला ओळखायचा आणि बनवायचा कसा

डिसेंबर उजाडला की दुकानातला फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही. शाळांची स्नेहसंमेलनं सुरू होतात आणि रोज एखाद्या बाई विचारतात, "ताई, सॅम माणेकशांचा ड्रेस आहे का? सहावीतल्या मुलाच्या मापाचा. आणि खांद्यावर पाच स्टार हवेत हं, फाइव्ह स्टार होते ना ते!"

पाच तारे हवेत हे बरोबर. खांद्यावर हवेत हे साफ चूक. माणेकशा फील्ड मार्शल होते, म्हणजे भूदलातला सगळ्यात वरचा हुद्दा, आणि फील्ड मार्शलच्या खांद्यावर एकसुद्धा तारा नसतो.

हे मला आधीपासून माहीत होतं असं समजू नका. माझे सासरे खडकीत फौजी वर्द्या शिवायचे. त्यांच्यामागे मी मशीन चालू ठेवली, पण वर्दीपेक्षा ड्रेपरीत जास्त पोट भरतं म्हणून नाटकांचे आणि संमेलनांचे कपडे भाड्याने द्यायला लागले. पहिल्याच वर्षी माणेकशांची ऑर्डर आली. मी हौसेने दोन्ही खांद्यांवर पाच-पाच पितळी तारे ओळीने ठोकले. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांतून एक निवृत्त सुभेदार रंगपटात आले. सासऱ्यांचे जुने गिऱ्हाईक. पोराकडे बघून म्हणाले, "सूनबाई, हा फील्ड मार्शल नाही, हा आकाशकंदील झालाय." मग तिथेच फरशीवर बसून त्यांनी खडूने एकेक खांदा काढून दाखवला. त्या दिवशी शिकले तेच इथे लिहिते, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आधी खांदा वाचायला शिका

भारतीय लष्करातल्या अधिकाऱ्याचा खांदा म्हणजे तीन-चार अक्षरांची बाराखडी. पहिलं अक्षर तारा, पाच टोकांचा. दुसरं सिंह, म्हणजे आपली राजमुद्रा. फौजेत तिला सरळ 'अशोका' म्हणतात. तिसरं फुली : एक वाकडी तलवार आणि एक सरळ बॅटन, म्हणजे मानाची आखूड काठी, एकमेकांवर आडवी. चौथं अक्षर फक्त एकाच हुद्द्याला मिळतं, ते शेवटी सांगते.

वाचायचं गळ्याकडून बाहीकडे. मोठं चिन्ह गळ्याजवळ, त्याखालचं बाहीच्या बाजूला. सिंहाचं डोकं नेहमी गळ्याकडे. शिवताना निम्मे लोक इथेच फसतात, कारण खांद्याची पट्टी टेबलावर ठेवल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नाही. मी पट्टीच्या बटणाच्या टोकाला आधी खडूने 'ग' लिहिते. ग म्हणजे गळा.

आता पायऱ्या. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन. मेजर झाला की तारे गेले, एकटा सिंह आला. लेफ्टनंट कर्नलला सिंह आणि एक तारा, कर्नलला सिंह आणि दोन, ब्रिगेडियरला सिंह आणि तीन. हे तीन तारे ओळीत नसतात, त्रिकोणात असतात. इथपर्यंत फुली कुठेच नाही.

फुली दिसली की समजायचं, जनरल मंडळी सुरू झाली. मेजर जनरलला तारा आणि फुली. लेफ्टनंट जनरलला सिंह आणि फुली. जनरलला तिन्ही : सिंह, तारा, फुली. लष्करप्रमुख असतात ते या हुद्द्याचे. महाराष्ट्रातून अरुणकुमार वैद्य, मनोज नरवणे, मनोज पांडे लष्करप्रमुख झाले. तिघंही जनरल, तिघांच्याही खांद्यावर सिंह-तारा-फुली. म्हणजे सैन्यातला नेहमीचा जिना इथे संपतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे फील्ड मार्शल. इथे तारा पुन्हा गायब होतो. वर सिंह, खाली तलवार-बॅटनची फुली, आणि त्या फुलीभोवती कमळाच्या फुलांचा वेढा. हा वेढाच ते चौथं अक्षर. सुभेदारसाहेबांनी खडूने तो वेढा काढला आणि म्हणाले, "हार दिसला की तारे मोजायचं सोडायचं." मी अजूनही गिऱ्हाइकाला हेच वाक्य ऐकवते.

सिंह आणि फुली एवढंच पाहिलं तर फील्ड मार्शल आणि लेफ्टनंट जनरल लांबून सारखेच दिसतात. मधला दोन हुद्द्यांचा फरक तेवढ्या कमळांत आहे. म्हणून बिल्ला बनवताना सगळी मेहनत कमळांवर घ्या. सिंह थोडा ओबडधोबड झाला तरी रंगमंचावर चालतो.

हे सारखं दिसतं, पण ते नव्हे

सुभेदारसाहेबांच्या स्वतःच्या खांद्यावर दोन तारे होते. गावाकडची माणसं त्यांना लेफ्टनंट समजायची आणि ते वैतागायचे. जेसीओंचे, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांचे, तारे अधिकाऱ्यांसारखेच असतात, फक्त सोबत आडवी रंगीत फीत असते. नायब सुभेदाराला एक तारा, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला सिंह. फीत विसरलात तर तुमचा सुभेदार मेजर थेट मेजर होऊन बसतो. नाटकात हवालदार, नाईक असतील तर त्यांचं खांद्यावर काही नसतं. त्यांच्या बाहीवर उलट्या घडीच्या फिती : लान्स नाईक एक, नाईक दोन, हवालदार तीन.

पोलिसांनीही हीच बाराखडी उचलली आहे. राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या खांद्यावर सिंह आणि फुली असते, लेफ्टनंट जनरलसारखी. खाली आयपीएस ही अक्षरं असतात, तिथून ओळखायचं. एका शाळेने माझ्याकडून पोलिसाचा ड्रेस नेला आणि तोच सैनिकाला घातला, खाकी आणि ऑलिव्ह हिरवा यातला फरक कुणाला दिसला नाही. त्यावर मी काय बोलणार!

सीडीएसबद्दल हमखास विचारतात. चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद आहे, पाच ताऱ्यांचा हुद्दा नव्हे. 1 जानेवारी 2020 ला बिपिन रावत पहिले सीडीएस झाले तेव्हा ते चार ताऱ्यांचे जनरलच होते. त्यांच्या खांद्यावरचा कापडी बिल्ला वेगळा, मरून रंगाचा, त्यावर तिन्ही दलांच्या खुणा एकत्र : तलवारी, गरुड, जहाजाचा नांगर आणि वर सिंह. सोनेरी काम भरपूर असल्यामुळे मुलांना तोच सगळ्यात मोठा वाटतो. फील्ड मार्शल म्हणून तो देऊ नका.

मग ते पाच तारे असतात कुठे?

कॉलरवर. गळ्याच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टी असते, गॉर्जेट पॅच म्हणतात तिला, आणि त्या लाल पट्टीवर सोनेरी तारे ओळीने. ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, जनरलला चार, फील्ड मार्शलला पाच. तसेच तारे गाडीच्या पाटीवर आणि झेंड्यावर. 'पंचतारांकित' हा शब्द या पट्टीवरून आणि पाटीवरून कळतो, खांद्यावरून नाही.

पुण्यात राहत असाल तर याचा सराव फुकटात होतो. दक्षिण मुख्यालय इथे आहे आणि त्याचे प्रमुख लेफ्टनंट जनरल असतात. कॅम्पात लाल पाटीवर तीन तारे घेऊन काळी किंवा पांढरी गाडी गेली तर मुलाला विचारा, आत कोण? एकदा का त्याने तीन बोटं दाखवून "लेफ्टनंट जनरल" म्हटलं की नाटकात तो स्वतःच ड्रेसवाल्याची चूक काढेल. माझ्या मुलीने माझीच काढली होती. पाटी लाल असेल तर भूदल, गडद निळी तर नौदल, आकाशी तर हवाई दल.

पाच ताऱ्यांची पाटी मात्र आज रस्त्यावर दिसणार नाही. भूदलात हा हुद्दा आजवर दोघांनाच मिळाला आणि दोघंही आता हयात नाहीत. हा बढतीने मिळणारा हुद्दा नाही, सरकार सन्मान म्हणून देतं. आणि एकदा मिळाला की त्यातून निवृत्ती नाही. फील्ड मार्शल मरेपर्यंत सेवेतच धरला जातो. म्हणून पंच्याहत्तरी-ऐंशीतल्या माणेकशांचा प्रवेश असेल, तर त्या म्हाताऱ्याला बिनधास्त पूर्ण वर्दी चढवा. आमच्याकडे एका लेखक-दिग्दर्शकांनी "निवृत्त माणसाला वर्दी कशी?" म्हणून मुलाला नेहरू जाकीट घातलं होतं. जाकीट माझंच होतं, भाडंही मिळालं, पण वाईट वाटलं.

तारीख विचारल्याशिवाय बिल्ला लावू नका

ड्रेपरीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गिऱ्हाइकाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते : प्रवेश कुठल्या साली घडतो?

शाळांना हमखास 1971 चं युद्ध हवं असतं. डिसेंबर 1971 मध्ये माणेकशा जनरल होते. म्हणजे खांद्यावर सिंह-तारा-फुली, कॉलरवर चार तारे. कमळं नकोत. ते लष्करप्रमुख झाले जून 1969 मध्ये, आणि फील्ड मार्शल झाले 1 जानेवारी 1973 ला. 15 जानेवारीला त्यांनी पद सोडलं आणि जनरल गोपाळ बेवूर आले. म्हणजे लष्करप्रमुख असताना फील्ड मार्शलचा बिल्ला त्यांच्या अंगावर जेमतेम पंधरवडा. पुढे 27 जून 2008 ला तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला वारले तोवर हुद्दा कायम.

"पण ताई, प्रेक्षकांना कमळं बघायचीत," असं एका सरांनी मला सांगितलं. मग मी त्यांना एक युक्ती सुचवली, तुम्हालाही देते. युद्धाचा प्रवेश जनरलच्या बिल्ल्यावर करा. शेवटी राष्ट्रपती भवनाचा एक छोटा प्रवेश घाला, आणि तिथे राष्ट्रपती झालेल्या मुलाच्या हातून बॅटन द्या. मधल्या अंधारात खांद्याच्या पट्ट्या बदलायच्या. पट्ट्यांना आतून वेल्क्रो लावली असेल तर दोन खांदे आणि कॉलर मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टाळ्या त्या बॅटनला पडतात.

दुसरे के. एम. करिअप्पा. कोडगूचे. 15 जानेवारी 1949 ला ब्रिटिश सेनापती रॉय बुचर यांच्याकडून त्यांनी सूत्रं घेतली. आपला सेनादिन त्याच तारखेचा. हा प्रवेश करायचा तर दोन गोष्टी सांभाळा. एक, तेव्हा ते जनरल. फील्ड मार्शल त्यांना केलं 1986 मध्ये, सैन्यातून निवृत्त होऊन तेहतीस वर्षं झाल्यावर. दोन, 1949 मध्ये आपण अजून प्रजासत्ताक नव्हतो, त्यामुळे खांद्यावर सिंह नव्हता, राजमुकुट होता, आणि ताराही आताचा पाच टोकांचा नव्हे. सिंह आणि हा तारा आले 26 जानेवारी 1950 नंतर. मुकुट बनवायला सिंहापेक्षा सोपा आहे, पण तालमीला कुणी ना कुणी भडकतंच : "भारतीय सेनापतीला इंग्रजांचा मुकुट?" तेव्हा हे दोन ओळींत निवेदकाच्या तोंडी घाला. प्रेक्षकांतले आजोबा खूश होतात.

हवाई दलाचे अर्जन सिंग हवे असतील तर ही सगळी बाराखडी बाजूला ठेवा. 26 जानेवारी 2002 ला ते मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स झाले, हवाई दलातले एकटेच. त्यांच्या खांद्यावर पट्टे : एक जाड आणि चार बारीक. एअर चीफ मार्शलला बारीक तीन असतात. पट्टे म्हणजे नुसती फिकट निळी रिबीन, अर्ध्या तासाचं काम. पण 1965 चं युद्ध दाखवत असाल तर तेव्हा ते पाच ताऱ्यांचे नव्हते, हे ध्यानात ठेवा.

नौदलात पाच ताऱ्यांचा हुद्दा आजवर कुणालाच मिळालेला नाही, त्यामुळे तो ड्रेस मागू नका, मी शिवणार नाही. नौदलाच्या आजच्या ॲडमिरलचा खांदा मात्र हौसेने करा. 4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गावर नौदल दिन झाला, तिथे जाहीर झालं की या खांद्यांवर शिवाजी महाराजांच्या आरमाराचा वारसा दिसेल. नव्या नक्षीत महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, तलवार आहे, दुर्बीण आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा भाड्याने गेला तो हाच.

आता हातात कात्री घ्या

फील्ड मार्शलची खांद्याची पट्टी, सहावी-सातवीतल्या मुलासाठी. लांबी अकरा सेंटिमीटर, बाहीकडे रुंदी पाच, गळ्याकडे चार, टोक गोलसर. ऑलिव्ह हिरवं टेरिकॉट दुहेरी, मधे बकरम, म्हणजे ताठ अस्तर. बकरम लावायचा कंटाळा केलात तर सिंहाच्या वजनाने पट्टी वाकते आणि प्रेक्षकांना फक्त हिरवी घडी दिसते.

बाहीच्या टोकापासून अर्धा सेंटिमीटर सोडून साडेतीन सेंटिमीटरचं वर्तुळ पेन्सिलने काढा. हे कमळांच्या वेढ्याचं घर. वर्तुळात फुली काढा. तलवार वाकडी, बॅटन सरळ. दोन्ही तलवारी केल्यात तर चूक. बॅटनच्या दोन्ही टोकांना जरा जाड बुंधे द्या, म्हणजे काठी वाटत नाही. फुली सोनेरी क्राफ्ट फोमची कापून फेविकॉलने चिकटवा, तलवारीच्या मुठीवर जरीच्या दोऱ्याचे चार वेढे द्या.

कमळांसाठी मी आधी टिकल्या वापरायचे. दिव्याखाली त्या इतक्या चमकतात की हुद्दा जाऊन लग्नाची ओढणी होते. आता जरीची बारीक डोरी घेते. वर्तुळाच्या रेषेवरून डोरी टाक्यांनी बसवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंनी निमुळत्या पाकळ्या काढायच्या, तीन-तीनच्या गुच्छांत. पाकळीला टोक हवं. बाजारात ढाल-ट्रॉफीवर लावायच्या सोनेरी पानांच्या तयार माळा मिळतात, त्या घेऊ नका. ती पानं आहेत, आपल्याला फुलं हवीत. आमच्या गल्लीतल्या एका आजी साडीच्या पदराला कुयरी काढतात तशा या पाकळ्या काढतात, त्यांच्याएवढ्या सुबक मला अजून जमत नाहीत.

सिंह वेढ्याच्या वर, गळ्याकडे. चार सिंह असले तरी समोरून तीनच दिसतात. त्यांची दाढी, आयाळ, खालचं चक्र, बैल, घोडा या सगळ्याच्या मागे लागू नका. सोनेरी फेल्टची बाह्यरेषा कापा : वर तीन डोकी, खाली बैठक. दहा फुटांवरून एवढंच दिसतं. राजमुद्रेच्या वापराला कायदा आहे, 2005 चा, तेव्हा हुबेहूब पितळी मुद्रा ओतून घेण्याच्या भानगडीत पडू नये हे माझं मत. नाटकाला आकार सुचला की पुरे.

कॉलरची पट्टी : लाल फेल्ट, सात सेंटिमीटर बाय अडीच, टोकाला छोटं सोनेरी बटण, आणि पाच तारे एका ओळीत. तारे पंचने पाडलेले सोनेरी कागदी असले तर मागे पारदर्शक टेप लावा, मुलांच्या घामाने ते सुटतात. सगळे तारे एकाच दिशेने उभे हवेत. एक जरी उलटा बसला तरी फोटोत नेमका तोच दिसतो.

छाती, हात आणि टोपी

पदकं डाव्या छातीवर. किती, असं विचारतात. मी म्हणते, कमी लावा, पण एक नेमकं लावा : मिलिटरी क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाची फीत. पांढरा-जांभळा-पांढरा, तीन उभे पट्टे. कुठल्याही रिबीनच्या दुकानात मिळतात. 1942 मध्ये ब्रह्मदेशात सितांग नदीपाशी तरुण कॅप्टन माणेकशांच्या पोटात गोळ्या घुसल्या. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल कोवन तिथे आले, पोरगा जगेल असं त्यांना वाटेना, आणि हे पदक मरणोत्तर देत नसत. म्हणून कोवन यांनी स्वतःच्या छातीवरची फीत काढून माणेकशांना लावली. तीन रंगांच्या एवढ्याशा चिंधीवर अख्खा प्रवेश उभा राहतो. चकचकीत बिल्ल्यांची रांग लावून तो झाकू नका.

बॅटन. फील्ड मार्शलला हुद्द्याबरोबर सोनेरी टोकांचा बॅटन देतात, तो समारंभात हातात असतो. मुलासाठी लाटण्यापेक्षा बारीक, दीड फुटाचा लाकडी दांडा घ्या. मखमल चिकटवा, दोन्ही टोकांना सोनेरी रंगवलेली औषधाच्या बाटलीची झाकणं. मुलाला आधीच बजावून ठेवा की याने कुणाला मारायचं नाही. त्याचा उपयोग होत नाही, पण बजावून ठेवा.

सलाम शिकवताना तळवा बघा. भूदलाचा सलाम म्हणजे उघडा तळवा समोरच्याला दिसला पाहिजे. नौदलाचा तळवा जमिनीकडे झुकलेला, हवाई दलाचा त्या दोघांच्या मधला तिरपा. आणि डोक्यावर टोपी नसेल तर सलाम नाही, नुसतं सावधान. मुलाची टोपी नाचात पडली आणि त्याने तरीही सलाम ठोकला, तर पहिल्या रांगेतला फौजी गालात हसतो. ते हसू मी पुष्कळदा पाहिलंय.

आजच्या काळातला लष्करप्रमुख दाखवायचा असेल तर आणखी एक बदल. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्यांची वर्दी एकसारखी झाली; टोपी, बिल्ले, पट्ट्याचं बक्कल, बूट सगळं समान, आणि खांद्यावरून लोंबणारी डोरी गेली. जुन्या फोटोंतली ती डोरी मुलांना फार आवडते. 1971 मध्ये लावा, आजच्यात नको.

घरी जाताना

वर्दी अंगात घालून स्कूटरवर मागे बसून जाऊ नका, विशेषतः मोठ्या माणसांनी. नाटकात घालणं वेगळं. पण आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून वर्दी किंवा बिल्ला वापरला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मागे एक कॉलेजचा मुलगा संमेलनानंतर तसाच टोलनाक्यावर "सूट आहे का" विचारायला गेला होता. तो सहीसलामत सुटला, पण त्या दिवसापासून मी अठराच्या वरच्यांना पट्ट्या लावून ड्रेस देत नाही. पट्ट्या वेगळ्या डब्यात, रंगपटात लावायच्या आणि तिथेच काढायच्या.

काढताना वेल्क्रो गळ्याकडून बाहीकडे ओढा, उलटी नाही, नाहीतर डोरीचे टाके उसवतात. परत करताना ड्रेस न धुता दिला तरी चालेल, मी धुते. फक्त इस्त्री फिरवू नका. फोमची फुली इस्त्रीखाली वितळते आणि तिचा वास आठवडाभर दुकानातून जात नाही.